पितळखोऱ्याची वाट नीट करा

छत्रपती संभाजीनगरच्या डोंगरभटक्या मंडळींमध्ये एक मत इतक्या आत्मविश्वासाने मांडलं जातं की ते आता कुणी तपासूनही पाहत नाही. पितळखोरे, घटोत्कच यांसारखी आडरानातली बौद्ध लेणी टिकली ती त्यांची वाट अवघड आहे म्हणून, असं हे मत. वाट सोपी केली की वेरूळसारखी गर्दी लोटेल, खाऊचे गाडे लागतील, भिंतींवर नावं कोरली जातील. शिवाय भिक्खूंनीच जगापासून दूर राहावं म्हणून या जागा निवडल्या होत्या. तेव्हा तिथे जाणाऱ्याने घाम गाळूनच जावं, त्यातच त्या जागेचा मान आहे. ज्याला दरी उतरवत नाही त्याने अजिंठा पाहावा, असंही पुढे सांगितलं जातं.

हे मत मांडणारी माणसं वाईट नाहीत. त्यांच्यातलेच काही जण दरीत उतरून प्लॅस्टिकच्या बाटल्या पोत्यात भरून वर आणतात. लेण्यांवर त्यांचा जीव आहे, याबद्दल मला शंका नाही. पण ज्या पायावर हे मत उभं आहे तो पाया खोटा आहे, आणि त्याची झळ ज्यांना बसते त्यांच्याशी या मंडळींची गाठ क्वचितच पडते. म्हणून याला उत्तर द्यायला हवं.

आधी इतिहास. भिक्खू जगापासून दूर पळाले असं म्हणणारे त्यांच्या हातातलं भिक्षापात्र विसरतात. भिक्खू शेती करत नव्हता, धान्य साठवत नव्हता. सकाळी गावात जायचं, पात्रात पडेल ते घ्यायचं आणि माध्यान्हीच्या आत जेवायचं, हा त्याचा नेम. जिथून सकाळी निघून वस्तीवर पोचता येत नाही अशा ठिकाणी संघ राहूच शकत नाही. अनाथपिंडिक या व्यापाऱ्याने श्रावस्तीला विहारासाठी जागा शोधली तेव्हा त्याने काय पाहिलं, हे विनयपिटकात नोंदलेलं आहे. जागा गावापासून फार लांब नको आणि फार जवळही नको, येणाऱ्या-जाणाऱ्यांना सोयीची हवी, दिवसा वर्दळ आणि रात्री गलबला नको. या कसोट्यांवर जेतवन निवडलं गेलं. शांतता हवी होती हे खरंच. पण लोकांना येता-जाता येणं ही अट त्या शांततेच्या बरोबरीने होती.

आता पितळखोरे नकाशावर पाहा. सातमाळा-अजिंठा रांगेच्या अगदी काठावर, जिथे दख्खनचं पठार संपतं आणि खाली खानदेशचं मैदान सुरू होतं, तिथे ही लेणी आहेत. दक्षिणेला पैठण, उत्तरेला तापी आणि नर्मदा ओलांडून उज्जैन, वायव्येला भडोचचं बंदर. पठारावरून मैदानात उतरायचं तर याच पट्ट्यातल्या घाटांनी उतरावं लागे; आजचा कन्नड-चाळीसगाव रस्ताही इथूनच थोड्या अंतरावर औट्रम घाटाने खाली जातो. ‘पेरिप्लस’ या इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक पुस्तकात पैठण हे भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर आणि तगर, म्हणजे आपलं तेर, तिथून पूर्वेला आणखी दहा दिवसांवर असल्याचं सांगितलं आहे. गाड्यांतून माल जात होता त्या काळचे हे हिशेब आहेत. टॉलेमीच्या भूगोलातलं ‘पेट्रिगला’ म्हणजे पितळखोरे, असं काही अभ्यासक मानतात. ते खरं असेल तर अलेक्झांड्रियात बसलेल्या माणसाच्या कानावर ज्या गावाचं नाव गेलं होतं त्याला आपण आज ‘अज्ञात’ म्हणतो आहोत. दामोदर धर्मानंद कोसंबी पश्चिम महाराष्ट्रातल्या घाटवाटा पायी हिंडले आणि लेण्यांची जागा व्यापारी वाटांवरून समजून घ्या असं त्यांनी सांगितलं, त्यालाही आता साठ वर्षं होऊन गेली.

पितळखोऱ्याच्या खडकावर ज्यांची नावं कोरलेली आहेत ती माणसं कोण होती? पैठणच्या गंधिक, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याच्या कुळातला मितदेव. पैठणच्याच संघकाचे मुलगे. राजवैद्य मगिल, आणि त्याची मुलगी दत्ता. तिचं दान तिच्या नावावर स्वतंत्र नोंदलेलं आहे. इथे सापडलेल्या यक्षाच्या मूर्तीवर, म्हणजे आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात असलेल्या त्या हसऱ्या, बुटक्या यक्षाच्या हातावर, ती कण्हदास नावाच्या सोनाराने घडवली असं लिहिलं आहे. पैठण इथून सरळ रेषेतही शंभरेक किलोमीटर भरतं. अत्तरवाला, वैद्य, वैद्याची मुलगी आणि सोनार ही काही जग सोडून निघालेली माणसं नव्हेत. ती बाजारातली, पेठेतली, घरसंसाराची माणसं होती, आणि त्यांनी आपला पैसा आणि आपलं नाव अशा जागी लावलं जिथे ते लोकांच्या दृष्टीस पडणार होतं.

चौथ्या क्रमांकाच्या विहाराचा दर्शनी भाग बघितला तर उरलीसुरली शंका फिटते. जोत्यावर हत्तींची रांग. कातळात कोरलेला जिना. दाराशी हातात भाले घेतलेले दोन द्वारपाल. गजलक्ष्मी. शेजारी पाच फण्यांचा नाग, आणि डोंगरातून झिरपणारं पाणी त्याच्या फण्यांतून बाहेर पडावं म्हणून मागून कोरून आणलेली पन्हळ. पुरातत्त्वज्ञ म. न. देशपांडे यांनी गेल्या शतकाच्या पन्नाशीत इथला मलबा उपसून हे सगळं पुन्हा उजेडात आणलं आणि 1959 साली त्यावर सविस्तर लिहिलं. जिथे कुणी येऊच नये अशी इच्छा आहे तिथे माणूस असं दार घडवत नाही. हे दार येणाऱ्याच्या स्वागतासाठी आहे. दमून आलेल्या माणसाने मान वर करून पाहावं आणि दोन क्षण थांबावं, एवढा विचार त्यामागे केलेला दिसतो.

घटोत्कच लेण्याचं तसंच. सिल्लोड-सोयगाव भागात, जंजाळ्याच्या किल्ल्याजवळ, गावातून पायवाटेने दरीत उतरून जावं लागतं असं हे लेणं. ते कोरवून घेतलं वाकाटक सम्राट हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने. अजिंठ्याचं सोळावं लेणंही त्याचंच. वा. वि. मिराशींनी घटोत्कच लेण्यातल्या शिलालेखाचा अभ्यास प्रसिद्ध केलेला आहे. पाचव्या शतकातल्या त्या साम्राज्याचा मंत्री आपल्या कुळाची कीर्ती कुणी फिरकणार नाही अशा कपारीत कोरून ठेवेल, हे पटण्यासारखं नाही. ही ठिकाणं नंतर एकाकी झाली. वाटा बदलल्या, संघ उरला नाही, पेठा बसल्या, रान वाढलं. आपल्या काळापर्यंत आलेली पडझड म्हणजेच मूळचा हेतू असं समजणं ही साधी चूक आहे, पण तिच्यावर एक अख्खं तत्त्वज्ञान रचलं गेलं आहे.

त्या तत्त्वज्ञानाचा दुसरा भाग म्हणजे कष्टाशिवाय दर्शनाला किंमत नाही. हे कुणी अन्य दैवताबद्दल म्हटलं असतं तर मी वाद घातला नसता. आपल्याकडे नवस आहेत, दंडवत आहेत, अनवाणी वाऱ्या आहेत, आणि त्यांचा मला आदर आहे. पण बुद्धाच्या नावाने हे सांगू नका. सिद्धार्थाने सहा वर्षं देह झिजवला आणि त्यातून काही हाती लागत नाही म्हणून ते सोडून दिलं. सुजातेची खीर त्याने स्वीकारली तेव्हा बरोबरचे पाच जण त्याला सोडून गेले. त्याच पाच जणांना सारनाथला त्याने पहिला उपदेश केला, आणि त्याची सुरुवातच दोन टोकं टाळा इथून झाली. एक टोक भोगाचं, दुसरं देहदंडाचं. त्याच्या विहारापर्यंत पोचताना गुडघे फुटले पाहिजेत, असा आग्रह धरणारा माणूस त्याने नाकारलेलं टोकच त्याच्या गळ्यात बांधतो आहे.

उंच डोंगरावरच्या अवघड बौद्ध मंदिराचं उदाहरण म्हणून भूतानच्या पारो तक्त्सांगचं नाव हटकून घेतलं जातं. कड्याला चिकटलेलं ते मंदिर पाहायला जगभरची माणसं दम लागेपर्यंत चढतात, मग आपल्याकडेच सोय कशाला, असा सवाल येतो. पण त्या वाटेवर काय काय आहे तेही सांगा. अर्ध्या वाटेपर्यंत घोडी मिळतात. मध्यावर बसायला, चहा घ्यायला जागा आहे. वर भिक्खू राहतात, दिवे लागतात, पूजा होते. 1998 साली आगीत ते मंदिर जळालं तेव्हा साऱ्या देशाने ते आपलं दुःख मानलं आणि 2005 पर्यंत ते पुन्हा उभं राहिलं. ती वाट चढणीची आहे, पण तिची राखण होते. पितळखोऱ्याच्या पायऱ्यांचा उतार मोठा आहे, पावसात त्या शेवाळतात, आणि ओढ्याला पाणी आलं की समोरच्या कड्यातल्या स्तूपांच्या लेण्यांकडे जाता येत नाही. चढण आणि दुर्लक्ष या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. आपले मित्र दोन्हींना एकच समजतात.

आता राखणीचा मुद्दा. अवघड वाटेमुळे लेणी वाचली, हे विधान आपल्याच जिल्ह्यातल्या अजिंठ्याच्या पुराव्याने मोडतं. 1819 च्या एप्रिलमध्ये वाघाच्या शिकारीला आलेला जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात शिरला. तेव्हा अजिंठ्याइतकी आडबाजूची जागा दुसरी नसेल. तिथे ना गाडे होते, ना सहली, ना गर्दी. त्या माणसाने तिथल्या चित्रावर आपलं नाव आणि तारीख कोरली. पुढच्या काही वर्षांत डॉ. जेम्स बर्ड यांनी संग्रहालयासाठी म्हणून भिंतीवरची चित्रं खरवडून काढायचा प्रयत्न केला आणि ती चित्रं हातातच भुगा झाली. हे दुर्गमतेच्या छायेत झालं. पाहायला कुणी नव्हतं, अडवायला कुणी नव्हतं, म्हणूनच झालं. अजिंठ्याची खरी देखभाल सुरू झाली ती विसाव्या शतकात, निजामाच्या राज्यात पुरातत्त्व खातं निघाल्यावर. गुलाम याझदानी यांच्या देखरेखीखाली इटलीहून तज्ज्ञ आणवून चित्रांचे पोपडे बसवले गेले आणि चित्रांची नोंद मोठमोठ्या खंडांत प्रसिद्ध झाली. तज्ज्ञ, राखणदार आणि मजूर यांनाही जायला वाट लागते.

पितळखोऱ्याचं सर्वांत मोठं नुकसान तर माणसाने केलेलंच नाही. इथला खडक ठिसूळ आहे, त्यात पाणी मुरतं. चैत्यगृहाच्या आणि शेजारच्या विहाराच्या दर्शनी भागाचा बराचसा हिस्सा कोसळून ओढ्याकडे गेला तो निर्मनुष्य शतकांमध्ये. कुणी वेळेवर पाहिलं असतं, पाण्याला वाट काढून दिली असती, तर काही वाचलं असतं. ज्या शिल्पकाराने नागाच्या फण्यांतून पाणी बाहेर काढलं त्याला हे ठाऊक होतं. चैत्यगृहाच्या खांबांवर उत्तरकाळात रंगवलेल्या बुद्धांच्या आकृती अजून दिसतात, पण त्यांच्यावर रेघोट्या ओढणाऱ्याला सगळ्यात सोयीचं काय, तर आसपास दुसरा माणूस नसणं. गर्दीने नुकसान होतं हे मी नाकारत नाही. बंद लेण्यात श्वासाच्या दमटपणाने चित्रं खराब होतात, म्हणून अजिंठ्यात एका वेळी मोजकीच माणसं आत सोडतात आणि खासगी गाड्या फर्दापूरच्या फाट्यालाच थांबवून पुढे बसने नेतात. म्हणजे उपाय माहीत आहे, आणि तो आपल्याच जिल्ह्यात चालूही आहे. तो सोडून गुडघेदुखीला दारवान नेमायचं कारण काय?

कारण हा दारवान सगळ्यांना सारखा अडवत नाही, आणि मला सर्वांत जास्त चीड याची येते.

तो पंचविशीतल्या, चांगले बूट घातलेल्या, स्वतःची गाडी असलेल्या तरुणाला अडवत नाही. रात्री दरीत उतरून दारू पिणाऱ्यालाही अडवत नाही, उलट त्याची सोय करतो. तो अडवतो साठीच्या बाईला. अशोक विजयादशमीला शहराच्या उत्तरेकडच्या डोंगरातल्या बुद्ध लेण्यांवर पाहा. विद्यापीठामागून माणसांची रीघ लागलेली असते. पांढऱ्या साड्या नेसलेल्या म्हाताऱ्या बायका नातवाचा खांदा धरून पायऱ्या चढतात, प्रत्येक वळणावर थांबतात, पुन्हा चढतात. त्यांच्यासाठी ही सहल नाही. 1956 साली आई-वडिलांनी स्वीकारलेला धम्म दगडात पाहण्याची ही जागा आहे. यातल्या किती जणींना पितळखोरे पाहता येईल? आणि त्यांनी ते पाहू नये असं ठरवण्याचा अधिकार कुणाला दिला?

याच बुद्ध लेण्यांच्या तिसऱ्या लेण्यात बुद्धमूर्तीसमोर दोन्ही बाजूंना गुडघे टेकून बसलेली माणसं कोरलेली आहेत. स्त्रिया आहेत, पुरुष आहेत, हातात माळा आहेत, चेहरे निरनिराळे आहेत. साधारण माणसाच्याच मापाची ही उपासक मंडळी थेट गर्भगृहात बसलेली आहेत. सातव्या लेण्यात प्रवासातल्या आठ महाभयांतून तारणारा अवलोकितेश्वर आहे. आग, चोर, बुडणारं जहाज, साप, हत्ती अशा संकटांत सापडलेली माणसं त्याच्याकडे धाव घेताना दिसतात. वाटेतल्या संकटांना पूजनीय मानणारा हा विचार नव्हे. वाटसरू सुखरूप पोचावा ही त्या शिल्पातली इच्छा आहे.

या जिल्ह्यात बौद्ध लेण्यांची वाट अडवली जाण्याला आणखी एक इतिहास आहे, आणि तो विसरून या विषयावर बोलता येत नाही. 1934 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह इकडे आले ते काही झालं तरी वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच असा निश्चय करून. वाटेत दौलताबादला प्रवासाच्या धुळीने माखलेल्या या लोकांनी किल्ल्याच्या दाराशी असलेल्या हौदावर हातपाय धुतले, तेव्हा पाणी बाटवलं म्हणून जमाव अंगावर आला. अखेर किल्ल्यात सोडलं ते कुठेही पाण्याला शिवायचं नाही या अटीवर आणि सोबत हत्यारबंद शिपाई देऊन. बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. त्या दिवशी डोंगर आडवा आला नव्हता. पुढे 1950 साली त्यांनी याच शहरात महाविद्यालय काढलं, त्याला मिलिंदाचं नाव दिलं, परिसराला नागसेनवन म्हटलं. लेण्यांच्या पायथ्याशी शिक्षण आणायचा तो निर्णय होता. त्या नागसेनवनात शिकलेल्या पहिल्या पिढीतली जी माणसं आज हयात आहेत ती नव्वदीच्या घरात आहेत. त्यांना दरी उतरून दाखवा असं सांगायची माझी हिंमत होणार नाही.

आणि हा नियम आपण इतरांना लावतो का? जुन्नरच्या लेण्याद्रीला बौद्ध लेण्यांच्या रांगेतल्या सातव्या विहारातच गिरिजात्मज गणपती आहे. तिथे तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत, डोलीवाले आहेत, सावली आहे, पाणी आहे, आणि ते असायलाच हवं. कार्ल्याच्या चैत्यासमोर एकवीरा आईला कोळी बांधव लेकराबाळांसह चढून जातात. वणीच्या सप्तशृंगीला तर ट्रॉली आली. या भाविकांना कुणी सांगत नाही की तुमच्या येण्याने जागेचं पावित्र्य बिघडतं, धडधाकट असाल तरच या. हा उपदेश बौद्ध लेण्यांसाठीच राखून ठेवलेला आहे, कारण तिथे जाणारा म्हणजे ट्रेकर, अभ्यासक किंवा पर्यटक असं आपण धरून चाललो आहोत. उपासक म्हणून कुणी येतो हे आपल्या हिशेबातच नाही.

रोपवे मला नको. दरीत सिमेंटचं सभागृह नको, ध्वनिक्षेपक नको. पितळखोरे गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात आहे. 1986 पासून ते संरक्षित रान आहे, तिथे बिबट्या आहे, रात्री तिथे माणसाचं काम नाही. मागणी साधी आहे. पायऱ्यांची चढण विभागून मध्ये बसायला कट्टे, धरायला कठडा, ओढ्यावर पावसाळ्यातही भरवशाचा साकव. वर पठारावर पिण्याचं पाणी आणि बायकांसाठी स्वच्छतागृह. डोली उचलायला आसपासच्या गावांतली माणसं, ठरलेल्या दराने. त्यांच्या हाताला काम मिळेल आणि लेण्यांना रोजचे डोळे मिळतील. पौर्णिमेला आणि सुट्टीच्या दिवशी संभाजीनगर आणि कन्नडहून ठरलेल्या वेळेची एसटी. दिवसाला किती माणसं, याची मर्यादा. दिवस मावळल्यावर फाटक बंद. आणि मितदेव, मगिल, दत्ता, कण्हदास यांची नावं सांगणारा एक मराठी फलक, म्हणजे पैठणहून आलेल्या माणसाला कळेल की त्याच्या गावचे लोक इथे त्याच्या दोन हजार वर्षं आधी येऊन गेले. घटोत्कचाच्या पायवाटेला याच्या निम्मं मिळालं तरी मी समाधान मानेन.

शहरातल्या ट्रेकर संस्थांना या वाटेचा प्रत्येक दगड माहीत आहे, कुठे पाय घसरतो आणि कुठे दरड सैल आहे हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. त्यांनी अवघड वाटेची वकिली सोडावी. पुरातत्त्व आणि वन खात्याकडे द्यायच्या निवेदनावर त्यांची सही हवी आहे, आणि त्या निवेदनासोबत जोडायचा वाटेचा नकाशाही त्यांनीच काढून द्यावा.